पाणकोंबडीचे पाय

चैत्र लागला तरी त्या तळ्याचं पाणी कुणाच्या नजरेला पडलं नव्हतं. पाणी होतं, पण जलपर्णीखाली. या काठापासून त्या काठापर्यंत नुसतं हिरवंगार, जाड, फुगलेलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, गुरं सोडावीत चरायला. मागल्या साली उगवतीच्या काठावरच्या बबनरावांचं एक वासरू तसंच भुललं आणि खाली गेलं. चाकणच्या पुढं, कंपन्यांच्या पत्र्याच्या शेडांमागं हे तळं. गटारं त्यातच उतरायची आणि तेच खाऊन जलपर्णी माजली होती. वास असा, की नव्या माणसाला दोन दिवस भाकरी गोड लागत नसे. तिसऱ्या दिवशी नाक मरायचं.

"नाक मेलं की माणूस कामाचा झाला," जयसिंग मुकादम म्हणायचा.

कस्तुराचं नाक केव्हाच मेलं होतं. ती, तिचा नवरा ज्ञानदेव आणि सासू शालनबाई, अशी तीन माणसं होळीनंतर इथं आली. मूळची परभणीकडली, गोदावरीकाठची. ज्ञानदेव आधी चिंचवडला एका कारखान्यात गाड्यांवर माल चढवायचा. तिथलं काम सुटलं तेव्हा गावच्याच जयसिंगानं त्याला आपल्या टोळीत घेतलं. टोळी राहायची मावळतीच्या काठाला, रस्त्याकडं. शालनबाईला गलबला सोसायचा नाही म्हणून यांनी उगवतीच्या काठाला, बबनरावांच्या पडीक तुकड्यावर खोप घातली. दारातून उतरलं की पाणीच.

कामाची रीत ठरलेली. पिंपांच्या तराफ्यावरून आत जायचं, विळ्यानं अंगणाएवढा तुकडा कापायचा, त्यात लोखंडी आकडी अडकवायची आणि दोर काठाला द्यायचा. काठावरच्या गड्यांनी ओढायचं, बायकांनी फोडून ट्रॉलीत भरायचं. मुळ्या हातभर लांब आणि काळ्या, ओल्या केसांसारख्या. मनगटाला गुंडाळल्या तर सोडवता सोडवत नसत. पायाच्या बेचक्या भिजून पांढऱ्या पडायच्या आणि फाटायच्या. रात्री कस्तुरा चिमणीवर गोडेतेल कोमट करी, आणि दोघं नवराबायको आपापले पाय पुढं घेऊन बसत.

तळ्याच्या मधोमध पाणकणसाच्या उंच गवताचं रान होतं. त्यात जांभळ्या पाणकोंबड्या राहायच्या. अंग गावठी कोंबडीएवढं, पण रंग असा की निळा म्हणावा तर जांभळा दिसे, जांभळा म्हणावा तर उन्हात हिरवी झाक मारी. चोच लाल. कपाळही लाल, मळवट भरल्यागत. चालताना शेपूट उडवायच्या आणि खालची पांढरी पिसं लुकलुकायची. उडायचा त्यांना भारी कंटाळा. उडाल्याच तर लांब लाल पाय खाली लोंबत ठेवून, कुणी फेकून दिल्यासारख्या जायच्या. आवाज मात्र पाखराचा नव्हता. कधी म्हातारं खाकरावं तसा, कधी कोंडलेलं पोर कण्हावं तसा. दिवस बुडताना एकीनं काढला की सगळ्या काढायच्या.

ज्ञानदेवाला त्यांचा नाद लागला. भाकरी हातात तशीच धरून तो बघत बसायचा.

"बघ, बघ. हातानं जेवायलीय."

खरंच, ती पाणकोंबडी पाणकणसाचा कोवळा कोंब उपटायची, तो एका पायाच्या बोटांत धरायची, आणि पाय चोचीपाशी नेऊन सावकाश सोलून खायची. मधेच थांबून इकडंतिकडं बघायची, पंगतीत बसल्यासारखी.

"तुझ्यावानी बकाबका न्हाई खात," ज्ञानदेव म्हणाला.

"मग तिलाच आणा की घरात. उद्यापासनं भाकरी ती थापंल."

दुसरा एक नर असावा. चोचीत काडी धरून तो मादीपुढं यायचा, मान खाली घालायचा, काडी पुढं करायचा. मादीनं तोंड फिरवलं की हा पुन्हा समोर जाई, पुन्हा वाके. ज्ञानदेव हसून लोळायचा. एकदा त्यानंही तसंच केलं. चुलीपाशी वाकून, दातात काडी धरून उभा राहिला. शालनबाई म्हणाली, "मेल्या, आईसमोर तरी लाज धर."

पण त्याची खरी नजर त्या पायांवर होती. बोटं केवढी लांब. पाखरू ती पसरून पाऊल टाकी आणि पान नुसतं दबे, बुडत नसे. माणसाला तराफा लोटत न्यायला अर्धा दिवस जायचा, तिथं ती चार उड्यांत पोचायची. ज्ञानदेवानं शेडामागं टाकून दिलेल्या खोक्यांच्या फळ्या आणल्या. माल बांधायच्या असतात तसल्या, निळा शिक्का मारलेल्या. दोन-दोन फळ्या ठोकून त्यानं सुपाएवढे रुंद पाय केले. बांधायला कस्तुरानं आपल्या जुन्या लुगड्याचे काठ फाडून दिले. हिरवे, पिवळ्या रेघेचे. पाऊल कोंबून घालायचे घट्ट फासे करून गाठी तिनंच मारल्या, सुटायच्या नाहीत अशा.

"घट्ट बांध," तो म्हणाला. "मधेच फळी निघाली तर संपलं."

आणि तो चालला. पाय फाकवून, गुडघे उचलत, जलपर्णीच्या वरून. टोळी काम सोडून बघत राहिली. त्या दिवसापासून त्याचं नाव पाणकोंबडा पडलं. आकडी कुठं अडकली की जयसिंग ओरडायचा, "ए पाणकोंबड्या, जा रं!" आणि ज्ञानदेव जायचा. कौतुक होतं तोवर गंमत वाटली. मग ते त्याचं कामच होऊन बसलं.

त्या दिवशी शालनबाईला ताप होता म्हणून कस्तुरा खोपीवरच राहिली. पुढचं तिला टोळीतल्या बायकांनी सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत ज्ञानदेव सावलीला टेकला होता. जयसिंग म्हणाला, "आकडी तशीच राहिलीय. अंडी उबवायला बसलास का? कोण काढणार ती, तुझा बाप?" ज्ञानदेव उठला. "बापावर जाऊ नको. तुझं काम तूच कर. चाललो मी." म्हणाला आणि बाभळींच्या मागं गेला. मग वारं सुटलं, सगळी डोक्यावर पदर आणि टापरं घेऊन कामाला लागली. संध्याकाळी तो घरी आला नाही.

दुसऱ्या दिवशीही आला नाही.

"गेला गावाकडं. रागात हुता," जयसिंग म्हणाला.

कस्तुरानं गावात दिराला फोन लावला. तिथं तो नव्हता. त्याचा फोन तर खोपीतच कुडाला अडकवलेला.

"त्यांच्या फळ्या कुठंयत?" तिनं विचारलं.

"चुलीत घातल्या असतील कुणीतरी. वहिनी, फळ्यांवरनं कुठं माणूस सापडतंय होय?"

तिनं हट्ट धरला तेव्हा अग्निशामकची माणसं आली. मावळतीच्या काठाजवळ ती राहिलेली आकडी कुणी अर्धी सोडवल्यागत सापडली होती, तिथं त्यांनी गळ टाकले, एक जण कमरेला दोर बांधून आत उतरला, चिखलानं भरून वर आला. जागा उथळच होती. "इथं काही नाही," ते म्हणाले आणि हात धुवायला पाणी मागितलं.

मग बोलणी सुरू झाली. चिंचवडला त्याची कुणी होती म्हणे. कुणीतरी त्याला चाकणच्या चौकात बघितला म्हणे, नवा सदरा घालून. एक म्हणे, बाईनं कुंकू लावावं की पुसावं, ते तरी ठरवावं. कस्तुरा ऐकत होती आणि जलपर्णी फोडत होती. घरी बसून खायला कोण घालणार? ज्ञानदेवाची जागा रिकामी होती, तिनं मागून घेतली आणि आकडी धरली. बायामाणसानं आकडी धरलेली टोळीला आवडली नाही. पण तिला प्रत्येक तुकड्याखाली बघायचं होतं. दोर ताणला, तुकडा कलला, काळ्या मुळ्या वर आल्या की ती वाकून बघे. मुळ्यांतून पाणी निथळे. कधी बाटली निघे, कधी कुणाची चप्पल, कधी फुगलेलं कुत्रं.

दिवसभर हे, आणि संध्याकाळी पाणकोंबड्यांचा छळ.

पूर्वी त्या मधल्या रानात राहायच्या. आता दिवस कलला, मावळतीचं वारं सुटलं की थेट खोपीसमोर यायच्या. पाणकणसाचा एक मोठा गड्डा जलपर्णीसकट तिथं येऊन टेकलेला असे आणि त्यावर त्या उभ्या असत. एवढ्या जवळ की डोळे दिसत. तांबडे, न मिटणारे. एका उंचवट्यावर काड्या रचून त्यांनी घरटं मांडलं होतं. तिथं नेहमी एक तरी बसलेली असे आणि बाकीच्या भोवती. काठावर येऊन त्यांनी पिठाची परात उलथली. शालनबाईनं बदकाची अंडी आणून ठेवली होती, ती फोडून खाल्ली. आणि ओरडणं असं, की शालनबाई कानांवर हात घेई.

"खाकरतोय बघ कुणीतरी," म्हातारी म्हणायची. "जेवायला बसायच्या आधी ज्ञाना खाकरायचा तसा."

"पाखरं हायत, आत्याबाई."

कस्तुरा ओटीत दगड घेऊन काठावर जायची आणि नेम धरून मारायची. दगड घरट्याखालच्या उंचवट्यावर बसे, तर आवाज भलताच येई. पानावर बसल्याचा नाही, ठक्क असा. पाणकोंबडी उडायची नाही. एक पाय उचलून धरायची, शेपूट उडवायची, पुन्हा तिथंच पाय टेकायची. सकाळी बघावं तर समोर काहीच नसे, मोकळं पाणी. कस्तुराला वाटे, आपलंच डोकं फिरत चाललंय.

एक दिवस जयसिंगानं सांगितलं, पोकलेन येतंय. वळवाआधी सगळं उरकायचं. "उरलेली घाण दातऱ्यानं फाडायची, हायवा डंपरात भरायची आणि खाणीत टाकून वर मुरूम. मग टोळी पुनावळ्याला. तुम्ही पण चला, वहिनी. कुठवर काठ धरून बसणार?"

कस्तुराला त्या दातऱ्यानं फाडलेलं काय काय दिसलं. घरी येऊन तिनं सासूला सांगितलं. म्हातारीनं चिमणीची वात वर केली. मग म्हणाली, "कोंबडा सोड."

गोदावरीत माणूस बुडालं आणि सापडलं नाही की त्यांच्याकडं कोंबडा टोपलीत ठेवून नावेतून फिरवायचे. खाली माणूस असेल तिथं कोंबडा आरवतो. शालनबाईनं लहानपणी डोळ्यांनी बघितलेलं होतं.

कोंबडा बबनरावांनी दिला. सत्तरीचा माणूस, जमिनी कंपन्यांत गेलेल्या, एक म्हैस आणि चार कोंबड्या राखून होता. "न्हे पोरी. पर माघारी आन. तांबडा हाय, देवाला सोडल्याला."

सकाळी कस्तुरानं तराफ्यावर टोपली ठेवली आणि जिथं आकडी सापडली होती तिथं गेली. काठावर टोळी उभी. हसायला आलेली, पण टापरं काढून, कारण रीत सगळ्यांचीच होती. तराफा इकडं नेला, तिकडं नेला. कोंबडा मान काढून पाण्याकडं बघत होता. डोळा मिटून घेई, उघडे. आरवला नाही.

"पोहायला येत न्हाई म्हणून गप हाय," एक जण बोलला. कुणी हसलं नाही.

जयसिंग म्हणाला, आणि या वेळी टोमणा नव्हता, "वहिनी, कोंबडा खोटं बोलत नसतो. त्यो इथं न्हाई. त्यो जिता हाय. सोडून गेला तुम्हाला."

काठावर येईपर्यंत बायकांची नजर बदललेली होती. एवढे दिवस कीव होती, तीही गेली. दुपारी शालनबाईनं भाकरीला हात लावला नाही. "पळाला असंल का गं?" तिनं विचारलं. आपल्याच लेकाबद्दल. कस्तुराला ते बुडण्यापेक्षा वाईट वाटलं.

दिवस कलला. वारं सुटलं. कोंबडा दारात डालग्याखाली झाकलेला होता. समोर पाणी काळवंडलं, आणि मावळतीकडून तो पाणकणसाचा गड्डा सरकत, आवाज न करता येऊ लागला. पाणकोंबड्या त्यावर ओळीनं उभ्या. कुणी नावेतून नदी उतरून यावं, तसं. काठाला टेकला. एकीनं कण्हल्यासारखा सूर काढला, मग सगळ्यांनी.

कस्तुरानं दगड वेचून ओटीत घातले आणि मागं कोंबडा आरवला.

"तिन्हीसांजंचा आरवतोय मुडदा," शालनबाई ओरडली. "काप त्याला! घरावर काय आणतोय?"

तो पुन्हा आरवला. डालगं हाले इतका. कस्तुरानं डालगं बाजूला केलं, कोंबडा काखेत धरला आणि खोपीमागून बबनरावांच्या घराकडं चालू लागली. तसा तो गप्प झाला. निम्म्या वाटेवर ती थांबली. काय वाटलं कुणास ठाऊक, परत फिरली. पाण्याच्या अंगाला तोंड केलं तशी कोंबड्यानं मान ताणली आणि तिच्या काखेतच बांग दिली. त्याची छाती तिच्या बरगड्यांवर थाडथाड उडत होती.

ती तशीच पळत बबनरावांच्या ओट्याशी गेली.

"आबा, तुमचा कोंबडा असाच अवेळी आरवतो का वो?"

"न्हाई बा. काय झालं?"

"पाण्यात गप हुता. आन आता दारात, त्या पाणकोंबड्या आल्यापासनं..."

"त्यांच्या वरडण्याला जाब देत आसंल. त्या जुन्या हायत्या. भात पिकायचा तवा लोंब्या पायात धरून खायच्या, मानसावानी." म्हातारा उठून तिच्याबरोबर चालू लागला. "पर त्यांचं घर मदी हुतं. हितं कशा?"

"गड्ड्यासंगं येत्यात. सांजला येतो, सकाळी नसतो."

"व्हय तर. चालतंय त्ये. वारं आनतं, पहाटंचं उलटं वारं न्हेतं. आदी सगळं एकाला एक चिकटल्यालं हुतं तवा जागचं हाललं नसतं. तुमी कापून पानी मोकळं केलं, मग सुटलं. मी ओट्यावरनं बगितलंय, मावळतीच्या काठाचा ह्योच मोठा तुकडा सुटला त्यो भर दुपारी. कोन दिस त्यो?" बबनराव चालता चालता आठवू लागले. "तुजा मालक गेला त्योच की..."

ते जागीच उभे राहिले. कस्तुराही थांबली होती. वासरू कसं गेलं ते दोघांनाही ठाऊक होतं. वरून हिरवं, खालून केसांसारख्या मुळ्या. गळ टाकणाऱ्यांनी पाणी तिथलं शोधलं. छप्पर तर निघून गेलं होतं.

ती धावली नाही. काठाशी आली, कोंबडा सासूच्या मांडीवर दिला, काष्टा घट्ट केला आणि पाण्यात उतरली. ओटीत मघाचे दगड तसेच होते. बबनरावांनी बांबू पुढं धरला, दुसरं टोक आपल्या हातात ठेवलं. पाणी मांडीला लागलं, मग कमरेला. पाणकोंबड्या ओरडायच्या थांबल्या. एक एक करून बाजूला झाल्या, माना खाली घालत, पांढरी शेपटं उडवत. मळवट भरलेल्या बायांनी वाट द्यावी तशा. घरट्यावरची मात्र उठली नाही. पायात कोंब धरून ती खात होती. शेवटचा घास संपवला, तांबड्या डोळ्यानं कस्तुराकडं बघितलं आणि मग उतरली.

कस्तुरानं घरट्याच्या काड्या हातानं सारल्या. खाली पान नव्हतं. फळी होती. सुपाएवढी रुंद, निळ्या शिक्क्याची, पालथी, तळ आभाळाकडं. तिच्यावर दगडांचे ताजे वण पडलेले. शेजारी थोडी बुडालेली दुसरी. मुळ्यांनी दोन्ही वरून खालून विणून टाकल्या होत्या. कडेनं लुगड्याचा काठ दिसत होता, हिरवा, पिवळ्या रेघेचा. आणि गाठ. भिजून अंगठ्याएवढी फुगलेली, पण सुटलेली नाही.

तिनं गाठीवर हात ठेवला. खालून जड काहीतरी हललं, पाण्याबरोबर, झोपेत कूस बदलावी तसं.

"काय हाय गं?" काठावरून शालनबाईनं विचारलं. कोंबडा तिच्या मांडीवर आता अगदी गप्प बसला होता. "कस्तुरे, काय हाय?"

कस्तुरानं मान वळवली.

"ते आलेत, आत्याबाई," ती म्हणाली. "कुठंच गेले नव्हते. रोज संध्याकाळी दारात येत हुते."

म्हातारीनं हंबरडा फोडला. बबनराव बांबू टाकून जयसिंगाला हाक मारत रस्त्याकडं निघाले. कस्तुरा पाण्यातच उभी राहिली, एक हात गाठीवर ठेवून. वारं पडत चाललं होतं. ते उलटं फिरायच्या आत माणसं यायला हवीत, नाहीतर हे पुन्हा निघेल. दुसरा हात तिनं ओटीत घातला आणि एक एक दगड काढून हळूच, आवाज होणार नाही असा, पाण्यात सोडू लागली.